खाडीचं बिऱ्हाड

सुगंधाचं लग्न वैशाखात झालं, आणि तिथेच आपली खरी फसवणूक झाली, असं तिचा नवरा गुरुदास पुढे जन्मभर सांगत आला. सांगताना हसायचा, पण सांगायचा.

गुरुदास कट्टा गावचा शिंपी. बाजारात चुलतभावाच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसायचा. १९५२ च्या वैशाखात तो वऱ्हाड घेऊन दांडवाडीला निघाला तेव्हा नव्या वहाणा हातात धरून वाळू तुडवत आला. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला खाडीचं संथ पाणी, आणि मधे कोरडी ठणठणीत वाट. वाडीच्या अलीकडे एक होडी वाळूत पालथी घातलेली होती. मासे मारायची असेल, असं त्याला वाटलं. सासरे बाबू हे तारी आहेत, म्हणजे लोकांना होडीतून पलीकडे सोडतात, हे त्याला ठाऊक होतं. पण कशाच्या पलीकडे, हे विचारायचं सुचलं नाही. सुगंधा एकुलती एक, म्हणून घरजावई व्हायचं कबूल करून तो त्याच मांडवात मशीनसकट वाडीला राहिला.

आषाढातल्या एका सकाळी तो छत्री घेऊन बाहेर पडला, वाडीच्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

"बाबानू, ती वाट खंय गेली?"

"खंयची?"

"वऱ्हाड इला ती!"

"ती?" बाबूने विडी पेटवली. "ती व्हावान गेली. येतली परत. होळयेनंतर."

दांडवाडी म्हणजे वाळूचा एक लांब दांडा. उत्तरेला आचऱ्याच्या बाजूने तो जमिनीला चिकटलेला, आणि तिथून दक्षिणेकडे समुद्र आणि खाडी यांच्या मधे जीभ काढल्यासारखा पसरलेला. जिभेच्या टोकाशी खाडी समुद्राला मिळायची. उन्हाळ्यात खाडीचं पाणी आटायचं, लाटा वाळू आणून लोटायच्या आणि खाडीचं तोंड बंद व्हायचं. मग त्या बांधावरून माणसं, गुरं, वऱ्हाडं चालत जायची. पावसाळा आला की तेच तोंड उघडायचं. कधी आपोआप, कधी वाडीची माणसं फावडी घेऊन उघडायची. उघडल्यावर तिथे दोन पुरुष पाणी आणि अंगावर येणारी ओढ.

गुरुदासाला पाण्याचं भय होतं. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हापासून गुडघ्यावर पाणी आलं की त्याची छाती धडधडे. त्यामुळे खाडीचं तोंड उघडं असेपर्यंत दर आठवड्याला शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन तो उत्तरेकडे चालू लागायचा, आचऱ्यावरून वळसा घालून खाडीच्या पार मागच्या अंगाने कट्ट्याला जायचा. एक दिवस जायला, एक यायला. होडीतून पाव तासात पलीकडे आणि तिथून दीड तासात बाजार, हे त्याला वाडीतला प्रत्येक माणूस सांगून थकला.

"सोडू काय पलीकडे?" सुगंधा दर खेपेला विचारायची.

"नको. माका चलूक बरा वाटता."

"पावसात?"

"पावसात तर फारच बरा वाटता."

ती एवढ्या मोठ्याने हसायची की पलीकडच्या तीरावरचा माणूस होडीसाठी हाक मारायचा थांबून इकडे बघायचा.

सुगंधा होडीतच वाढली होती. चालायला लागायच्या आधी तिने बाबूचा बांबू धरला होता. बाबू तिला शिकवायचा ते फार बोलून नाही. बांबू तळाला टेकला की विचारायचा, "काय लागला?" ती सांगायची: वाळू, चिखल, शिंपले. "काल काय होता?" काल चिखल होता. "मगे रात्री काय झाला?" आणि तिने उत्तर शोधेपर्यंत तो गप्प राहायचा. त्याचं एक म्हणणं होतं, ते मात्र तो सगळ्यांना ऐकवायचा: खाडीला घर नसतं, बिऱ्हाड असतं. आज इथे, उद्या चार माडांच्या पलीकडे. तिचं सामान बांधून झालं की ती निघणार. आपण फक्त आधी ओळखायचं.

१९५५ मध्ये बाबूचे गुडघे गेले. सुगंधाने बांबू घेतला आणि पदर खोचून होडीत चढली. चार दिवस कुरबूर झाली. बाईमाणसाच्या हाती जीव कसा द्यायचा, असं दोघेतिघे म्हणाले. तेव्हा पलीकडच्या तीरावरचे हरिश्चंद्रकाका, ज्यांची मोठी माडांची बाग खाडीच्या तोंडाशी होती आणि ज्यांच्या शब्दाला मान होता, ते आपणहून होडीत येऊन बसले. उतरताना म्हणाले, "पाण्याक खंय कळता कोण वल्हयता? माज्या धोतराक थेंब लागलो नाय. बापाशीच्या वेळी लागायचो." कुरबूर तिथेच संपली. बाबूला ते लागलं, पण तो महिनाभर तेच सगळ्यांना सांगत सुटला.

याच हरिश्चंद्रकाकांनी १९५९ मध्ये बागेच्या कडेने चिऱ्यांची भिंत बांधली. दर पावसाळ्यात खाडीचं तोंड त्यांचे दोन-तीन माड खायचं. भिंत सुरेख झाली. छातीएवढी उंच, शंभर पावलं लांब. त्या वर्षी एकही माड गेला नाही आणि काकांनी साऱ्या वाडीला शहाळी वाटली.

सुगंधाच्या बांबूला मात्र वेगळंच काही कळू लागलं. भिंतीच्या पायथ्याशी पाणी उथळ होत चाललं होतं. तिथे वाळू बसत होती, घट्ट, चोपल्यासारखी. आणि वाडीच्या उत्तर टोकाला, जिथे दांडा सगळ्यात अरुंद होता, ज्याला वाडी मान म्हणायची आणि जिथे तिचं स्वतःचं घर होतं, तिथे खाडीच्या बाजूने खोली वाढत होती. पूर्वी बांबू अर्धा बुडायचा, आता मूठ पाण्याला टेकायची. ती घरी येऊन बापाला म्हणाली, "बाबा, खाडी सामान बांधता."

"खंय जातली?"

"आमच्याच घराकडसून."

बाबूने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चाय झाली काय?"

१९६१ च्या उन्हाळ्यात खाडीचं तोंड असं बंद झालं की बांधावरून बैलगाडी जाऊ लागली. पाऊस लागला तो सतत लागला. दहा दिवसांत खाडी फुगली. पाण्याला बाहेर जायला जागा नव्हती. पलीकडच्या शेतांतली भाताची कोवळी रोपं पाण्याखाली गेली. आणखी तीन-चार दिवस तशीच राहिली असती तर कुजली असती आणि वर्षाचं भात गेलं असतं. विहिरींत पाणी काठोकाठ आलं. देवळाच्या सभामंडपात दोन्ही तीरांची माणसं जमली. तोंड फोडायचं होतं, त्यात वाद नव्हता. वाद नव्हता म्हणून सगळे उठूनही उभे राहिले होते. दरवर्षीची जागा ठरलेली, भिंतीपाशी, दक्षिणेला.

"थंय नको," सुगंधा म्हणाली.

सगळे पुन्हा बसले.

"थंय वाळू दगडासारखी झाली आसा. तुमी खणशात, पाणी जायत, आणि दोन दिसांनी दर्या परत बुजयत. फोडूचा तर उत्तरेक फोडा. मानेर."

"म्हणजे तुज्या घराकडे?" शेजारीण विमला ओरडली. तिचं घर सुगंधाच्या घराला लागूनच होतं.

"माज्या घराकडे नाय. माज्या घरातसून."

हरिश्चंद्रकाका हळूच म्हणाले, "चेडवा, मानेर फोडलंस तर वाडी तुटतली. उत्तरेक पाणी, दक्षिणेक पाणी. बेट होतला."

"नाय होवचा, काकानू. दक्षिणेचा तोंड आपसूक बंद होतला. खाडी एका तोंडान जेवता. दोन तोंडांनी कोण जेवता काय?"

हशा पिकला, पण भीती गेली नाही. तेव्हा सिराजचाचा उभे राहिले. पलीकडच्या तीरावर त्यांचा मोठा मचवा होता आणि बाहेरचा समुद्र त्यांच्याइतका कुणी पाहिलेला नव्हता. ते म्हणाले, "ह्या बायेचा खरा आसा. मानेसमोर भायर खोल झाला हा. गेल्या थंडीत माजी जाळी थंय तळाक टेकली नाय. पाण्याक वाट होयी तर ती थंयच आसा."

गुरुदास मागे खांबाला टेकून बसला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. घर त्याचंही होतं.

तो खाकरला. "मशीन पयली हलवया," म्हणाला.

हरिश्चंद्रकाकांनी आपला मांगर, बागेतलं कोठार, त्या दोघांसाठी उघडून दिलं. सिराजचाचांनी पावसाळ्यासाठी खाडीत ओढून ठेवलेला मचवा आणला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घर उतरवायला सुरुवात झाली. झावळ्यांचं छप्पर, दारं, पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडी, देव. सामान भराभर मचव्यात चढलं. बाबूला दोघांनी खांद्यावरून आणून बसवलं. शेवटी मशीन राहिली. सुगंधा ती आपल्या होडीतून नेणार होती.

"बांधावरची वाट अजून उघडी आसा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी चलत या. मशीन मी सांभाळून नेतंय."

गुरुदासाने फुगलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. "मशीन जाता थंय मी जातंय."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो होडीत चढला. चढला म्हणजे चौघांनी चढवला. मशीनला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे गच्च मिटून, कपाळ लोखंडाला टेकवून बसला. सुगंधाने बांबू टाकला. भरलेला मचवा शेजारून चालला होता. मधोमध आल्यावर त्याने डोळे न उघडता विचारलं, "इला?"

"अजून वायच."

"तू हसतंस काय?"

"नाय," ती म्हणाली, आणि तिने ओठ दाताखाली धरले होते हे मचव्यातल्या सगळ्यांनी पाहिलं.

मग खणणं. मान साठ पावलं रुंद होती. साठ-सत्तर माणसं, बाया आणि पुरुष, दोन्ही तीरांची, फावडी, घमेली, टोपल्या घेऊन उतरली. सुगंधाने काठी ओढत रेघ मारली आणि त्या रेघेवर माणूसभर खोल चर पडत गेला. पाऊस कोसळतच होता. सिराजचाचांची बायको बानू घागरी भरभरून पेज आणत होती. कुणीतरी देवाला घालायच्या गाऱ्हाण्याच्या चालीवर हरिश्चंद्रकाकांच्या भिंतीची थट्टा जोडली, तर काकांनी स्वतः पुढची ओळ घातली. पाणी कुठपर्यंत खाईल याचाही सुगंधाने हिशोब केला होता. विमलाच्या गोठ्याच्या बराच अलीकडे तिने एक खुंटी ठोकली आणि सांगितलं, "हंयसर थांबतला. तुजो गोठो सुखरूप."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समुद्राच्या बाजूला फक्त हातभर जाडीची वाळूची भिंत राहिली. ओहोटी लागेपर्यंत सगळ्यांना थांबवलं. समुद्र मागे सरला की मगच फोडायचं, नाहीतर तोच आत घुसतो. बाबूला खुर्चीत बसवून चराच्या टोकाशी आणलं होतं. तो लाटांकडे बघत राहिला, एक, दोन, पंधरा लाटा. मग मान हलवली. सुगंधाने त्याच्या हातात काठी दिली. त्याने ती वाळूत खुपसून ओढली, आणि बोटभर पाणी समुद्राकडे निघालं.

"एवढाच?" हरिश्चंद्रकाका म्हणाले.

"थांबा," बाबू म्हणाला.

बोटाची धार मनगटाएवढी झाली, मनगटाची मांडीएवढी. मग वाळू खालून सुटायला लागली. एक ढेकूळ, मग पायरीएवढा तुकडा, मग अंगणाएवढी जमीन एकदम धप्पकन बसली आणि खाडी गर्जत बाहेर पडली. माणसं ओरडत मागे पळाली. बाबूची खुर्ची बाबूसकट उचलली गेली. संध्याकाळपर्यंत नवं तोंड शंभर हात रुंद झालं. सुगंधाच्या घराचा चौथरा गेला. अंगणातला एक माड उभाच्या उभा, झावळ्या हलवत, निरोप घेतल्यासारखा समुद्राकडे गेला. तो तिच्या जन्माच्या वेळी लावलेला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी पलीकडच्या शेतातून आरोळी उठली, "रोपां दिसूक लागली! पाणी उतारला!" मग तिला एकाच वेळी रडू आणि हसू आवरेना.

खुंटीपाशी मात्र पाणी थांबलं नाही. खुंटी गेली, तिच्यापुढचे पंचवीस हात गेले आणि विमलाचा गोठाही गेला. नशिबाने गोठा रिकामा होता. विमलाने दुपारीच गाय सोडून देवळाकडे नेली होती.

"तुज्या खुंटयेर इश्वास ठेवलो असतो," विमला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तर माजी गाय आज अरबस्तानात चरत असती."

"चुकलंय," सुगंधा म्हणाली. "गोठो मी बांधून देतंय."

आणि दिला. आठवडाभर तिने आणि गुरुदासाने वासे रोवले, झावळ्या विणल्या. विमला समोर बसून चुका काढत होती आणि तिघांची करमणूक होत होती.

पावसाळाभर लोक दक्षिणेच्या जुन्या तोंडाकडे बघत राहिले. नवरात्रात तिथे वाळूची पाठ दिसली. कोजागिरीला ती कोरडी पडली, आणि या वेळी ती पुढच्या पावसातही गेली नाही. खाडी आता नव्या तोंडाने जेवत होती. दांडवाडी उत्तर तीराची होती ती दक्षिण तीराला जोडली गेली. बाजाराला चालत जाण्याची वाट आता बारा महिने उघडी. घर मोडल्यापासून बाजाराला न गेलेला गुरुदास दिवाळीच्या आदल्या दिवशी गाठोडं घेऊन निघाला आणि दीड तासात कट्ट्याला पोचला. तिथे त्याच्या चुलतभावाने घाबरून विचारलं, "घराकडे बरा आसा मा? एवढ्या सकाळी कसो इलंस?"

सुगंधाचं काम काही गेलं नाही, फक्त दिशा बदलली. आता आचऱ्याला जाणाऱ्या लोकांना तिची होडी लागत होती. हरिश्चंद्रकाकांच्या भिंतीसमोर पाणीच उरलं नाही. वाळूत उभ्या असलेल्या त्या भिंतीकडे बघून ते एक दिवस म्हणाले, "ही आता कोणाची राखण करता? कुर्ल्यांची?" आणि गाड्या जोडून चिरे सुगंधाकडे पाठवले. त्यांच्यावर तिचं नवं घर उभं राहिलं, वाडीच्या मधोमध, दोन्ही पाण्यांपासून दूर. समुद्राच्या अंगाला तिने मर्यादवेल सोडली आणि केवडा लावला. ती वेल वाळूवर पसरते आणि उडणारी वाळू धरून ठेवते. दोन वर्षांत तिथे गुडघाभर उंचवटा झाला, जांभळ्या फुलांनी भरलेला.

१९६३ च्या हिवाळ्यात तालुक्याहून मोजणीदार आले. तरुण, पांढरी टोपी, बगलेत नकाशाची गुंडाळी. नव्या तोंडापाशी उभे राहून त्यांनी नकाशा उलटा केला, सुलटा केला.

"बाई, दांडवाडी खाडीच्या उत्तरेला आहे."

"होती, साहेब."

"म्हणजे वाडी हलली?"

"वाडी नाही हलली. खाडी हलली." साहेबाशी बोलायचं म्हणून सुगंधा जपून बोलत होती.

"खाडी अशी कशी हलेल?"

"साठ-सत्तर माणसांनी हलवली. थोडी आम्ही. मगे... मग तिची ती."

मोजणीदारांना ती थट्टा करते आहे असं वाटलं. त्यांनी हरिश्चंद्रकाकांना विचारलं, सिराजचाचांना विचारलं. दोघांनी दोन तास सांगितलं. दुपारी सुगंधाकडे बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून झाल्यावर त्यांनी ओसरीवर नकाशा पसरला आणि पेन्सिलीने नवं तोंड काढलं, तुटक तुटक रेघांनी.

"अशी तुटकी कशाला?" सुगंधाने वाकून विचारलं.

"जे कायमचं असेल याची खात्री नाही, त्याला आम्ही तुटक रेघ काढतो."

तिला ते इतकं पटलं की ती तोंड सांभाळायचंच विसरली. "अगो बाय माज्या! मगे सगळोच किनारो तसो काढा मा!"

मोजणीदार हसले. जाताना त्यांनी तिच्या होडीतून आचऱ्याला उतरताना बांबू हातात घेऊन पाहिला आणि जवळजवळ पडले.

जुन्या खाडीचा जो तुकडा वाडीमागे अडकून राहिला होता, त्याचं एक उथळ तळं झालं. भरतीला पाणी यायचं, ओहोटीला पायाच्या घोट्याएवढं उरायचं. कडेने तिवराची रोपं आपोआप उगवली. बाबू त्यांना रोज मोजायचा, आणि ती मोजण्यापलीकडे गेली तेव्हाच तो १९६५ मध्ये, पिकल्या वयात, दुपारच्या झोपेत गेला. पुढच्याच वर्षी माघात बानू त्या तळ्यातून चालत येत होती, तिच्या टाचेला काही टोचलं. वाकून तिने चिखलातून मूठभर तिसऱ्या काढल्या. जाड, काळसर, भरलेल्या शिंपल्या, शिजल्या की आपोआप उघडणाऱ्या. पूर्वी तिसऱ्या आणायला बायांना अर्धा दिवस मोडून लांबच्या खाडीत जावं लागे.

बानूने मारलेली हाक ऐकून सुगंधा होडी बांधून पळत आली. विमला आली. मग दोन्ही तीरांच्या बाया आल्या, टोपल्या, पातेली, कुणी नुसता ओचा पसरून. साऱ्या जणी चिखलात बसून हाताने चाचपत होत्या. एकमेकींच्या पाठीवर चिखल उडत होता आणि कुणाची टोपली किती भरली यावरून आरडाओरडा चालला होता. विमलाने सुगंधाच्या टोपलीतून दोन ओंजळी उचलल्या आणि म्हणाली, "गोठ्याचा व्याज."

संध्याकाळी घराघरातून ओल्या नारळाचा आणि तिसऱ्यांचा वास सुटला. गुरुदास मशीन बंद करून चुलीपाशी खोबरं खवत बसला होता. तेवढ्यात उत्तरेकडून, नव्या तोंडाच्या पलीकडून, आचऱ्याहून आलेल्या कुणाची तरी हाक आली, "गे तारणी! होडी घेऊन ये गो!"

सुगंधा पातेल्यावरचं झाकण हातात धरून दारात आली आणि दोन्ही तीरांना ऐकू जाईल अशी ओरडली, "थांब रे वायच! तिसऱ्यो तोंड उघडतत!"